घासलेला चेहरा

गेल्या वर्षी गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी सकाळी माझ्या थोरल्या बहिणीने, तिच्या नवऱ्याने कोरलेला तांब्याचा पत्रा चिंच, मीठ आणि नदीच्या बारीक रेतीने घासला. पत्र्यावर येशूचा चेहरा होता. डिचोलीजवळच्या सर्वण गावी, घरामागच्या विहिरीजवळ, सणाच्या इतर भांड्यांबरोबर तो घासला गेला. माझे भावोजी त्या वेळी म्हापशाच्या इस्पितळात होते. अर्धांगाचा झटका येऊन त्यांचा उजवा हात आणि बरीचशी वाचा गेली होती.

भावोजी मूळचे सावंतवाडीकडचे. लग्नानंतर ते इकडे गोव्यात आले आणि डिचोलीच्या बाजारात एका भांडेवाल्याच्या दुकानाच्या पायरीवर बसून भांड्यांवर नावे घालू लागले. कोणी दिले, कोणाला दिले, कशानिमित्त दिले, हे सगळे ते छोट्या हातोडीने आणि छिन्नीने ठोकून लिहीत. कळशीच्या गळ्याखालच्या अरुंद पट्टीत दोन घराण्यांची नावे बसवणे त्यांना जमत असे. मग स्टील वाढले आणि स्टीलमागून विजेवर चालणारी सुई आली. भावोजींनी ती घेतली नाही. ती सुई नुसती लिहिते, कोरत नाही, असे ते म्हणत. गिऱ्हाइकाला त्यातला फरक नको होता. शेवटी तांब्या-पितळेची जी थोडी भांडी येत, तेवढेच काम उरले.

ही भांडी नाव घालून झाली की गोणीत भरून सर्वणला घरी येत. अक्षरे नीट दिसावीत म्हणून भावोजी त्यांत काजळी चोळत, शिवाय धातूवर हातांचे डाग पडत. माझी बहीण, म्हणजे ताई, दुसऱ्या दिवशी ती भांडी घासून लख्ख करी आणि मगच ती बाजारात परत जात. नाव घातलेले भांडे घासल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे नाही, हा त्या घराचा नियम होता. तो लग्नाच्या पहिल्या वर्षापासून चालत आलेला होता.

मी त्या काळात एका मराठी दैनिकासाठी डिचोली आणि पेडणे तालुक्यांच्या बातम्या पाहत होतो. पेडण्याकडच्या एका गावातल्या ख्रिस्ती बाई आमच्या कार्यालयात कपेलाच्या फेस्ताची, म्हणजे वार्षिक सणाची, बातमी द्यायला येत. कपेल म्हणजे गावातले लहान प्रार्थनामंदिर. बाई शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या होत्या आणि सारा गाव त्यांना टीचर म्हणत असे. एकदा बातमी देऊन झाल्यावर त्यांनी विचारले, की तांब्यावर हाताने कोरणारा माणूस आता कुठे मिळेल का. मी भावोजींचे नाव सांगितले.

त्यांना माणूस कशासाठी हवा होता, ते असे. त्या गावात गुड फ्रायडेच्या संध्याकाळी मिरवणूक निघते. वाटेत एक मुलगी उंचावर उभी राहून गाते आणि हातातले पांढरे कापड हळूहळू उलगडते. त्या कापडावर येशूचा चेहरा असतो. मिरवणूक संपली की तोच चेहरा छापलेला कागद घरोघर दिला जातो. दाराच्या आतल्या बाजूला तो चिकटवतात आणि तो वर्षभर तिथे राहतो. गावातली हिंदू घरेही हा कागद घेतात. कागद छापण्यासाठी जुन्या पिढीतल्या कोणीतरी कोरलेला एक पत्रा होता. छापून छापून त्याच्या रेघा बुजल्या. नंतरची बरीच वर्षे गाव झेरॉक्सवर भागवत होते. टीचरांच्या घरी दोन रुळांचे, उसाच्या चरकासारखे हातयंत्र होते. कागदही त्यांनी मिळवला होता. फक्त कोरणारा नव्हता.

त्यांची आणि भावोजींची पहिली भेट दुकानाच्या पायरीवर झाली. टीचरांनी पिशवीतून मूठ बसवलेली एक पोलादी सळई काढली. तिचे टोक तिरपे घासलेले होते. भावोजी पुढे तिला कलम म्हणू लागले.

"हातोडी घरी ठेवा हां," टीचर म्हणाल्या. "हे ठोकायचं काम न्हय. ढकलायचं."

"ठोकल्याशिवाय तांबां आयकता?"

"आयकता. हळू सांगितलं की जास्त आयकता."

चित्र पत्र्यावर उलटे कोरावे लागते, म्हणजे कागदावर ते सुलटे येते, हे त्यांनी सांगितले तेव्हा भावोजी हसले. दाढीला काय उलटे आणि काय सुलटे, असे ते म्हणाले. टीचरांनी जुन्या झेरॉक्सवरच्या चेहऱ्यावर उजव्या कपाळावरून ओघळलेला रक्ताचा थेंब दाखवला. हा डावीकडे गेला तर गावातल्या म्हाताऱ्या आधी तुम्हाला आणि मग मला विचारतील, असे त्यांनी बजावले.

मग भावोजींनी विचारले, की हा चेहरा कापडावर कसा. टीचरांनी गोष्ट सांगितली. येशूला सुळावर नेत असताना त्याच्या खांद्यावर क्रूस होता, तोंडावर घाम आणि रक्त होते. शिपाई कोणाला जवळ येऊ देत नव्हते. गर्दीतून एक बाई पुढे आली आणि तिने आपल्या कापडाने त्याचे तोंड पुसले. तिच्या हातून तेवढेच होण्यासारखे होते. कापडावर चेहरा उमटला.

भावोजींनी कलमाचे टोक अंगठ्यावर घासून पाहिले. मग म्हणाले, "म्हणजे पयलो छाप त्या बायेन काडलो."

टीचरांनी हे वाक्य नंतर पाद्रींना सांगितले आणि पाद्रींनी ते प्रवचनात वापरले, असे मला कळले. हिंदू माणसाने हा पत्रा कोरावा का, हा प्रश्न भावोजींनीच काढला होता. पाद्रींचे उत्तर असे होते, की गोव्यातल्या इगर्जींतले, म्हणजे चर्चमधले, अर्धे देव कोणी घडवले ते विचारायला गेलो तर इगर्जी रिकाम्या होतील.

काम पावसाळ्यानंतर सुरू झाले. भावोजी दुकानातून लवकर घरी येऊ लागले आणि मागच्या खोलीच्या खिडकीशी बसू लागले. पत्रा रेती भरलेल्या चामड्याच्या उशीवर ठेवलेला असे. रेघ वळवायची असली की कलम वळवायचे नाही, पत्रा फिरवायचा, ही गोष्ट अंगवळणी पडायला त्यांना बरेच दिवस लागले. कलमाच्या पुढे तांब्याचा बारीक कुरळा कीस निघे. रेघेच्या कडेला उरलेली धार ते पात्याने खरवडत आणि अंगठा फिरवून पाहत. जन्मभर ठोके देणाऱ्या माणसाच्या खोलीतून आता काहीच आवाज येत नसे. ताई मधूनमधून डोकावून जाई. आधी साऱ्या वाड्याला कळेल असे काम करत होतात, आता चोरी करता काय, असे तिने एकदा माझ्यासमोर विचारले. भावोजी मान वर न करता म्हणाले, "देवाचां तोंड चोरतंय. गप रव."

भावोजींनी या कामासाठी स्वतःहून मासे सोडले होते. टीचरांना ते समजले तेव्हा त्या खूप हसल्या. आमच्यात गुड फ्रायडेआधीच्या उपासाच्या दिवसांत मांस सोडतात, मासे चालतात, तुम्ही आमचा कायदासुद्धा उलटा कोरलात, असे त्यांनी ऐकवले. तरी भावोजींनी मासे खाल्ले नाहीत.

टीचर आठवड्यातून एकदा येत. एका भेटीला मी तिथे होतो. नाकाला बाहेरची रेघ नको, असे त्या सांगत होत्या. साऱ्या चेहऱ्यावरून आडव्या रेघा न्यायच्या. सावली असेल तिथे रेघ खोल आणि रुंद करायची, उजेड जवळ आला की बारीक करत न्यायची आणि उजेडात सोडून द्यायची. शाई फक्त रेघेत राहते. न कोरलेले, गुळगुळीत तांबे फडक्याने पुसून स्वच्छ होते, आणि तेच कागदावर पांढरे येते.

"आपण फक्त काळं करायचं," त्या म्हणाल्या. "उजेड आपला न्हय. तो आधीपासून आहे. आमच्यात ह्याला हाताने न केलेला चेहरा म्हणतात."

तेव्हापासून भावोजींनी कपाळ, नाकाचा कणा आणि पापण्यांवरचा भाग कागदाचे तुकडे चिकटवून झाकला. काम करताना हाताचा तळवासुद्धा तिथे टेकत नसे. मला त्यांनी पत्रा दाखवला तेव्हा कागद उचलून, बोट न लावता दाखवले. म्हणाले, "हय हात लावूचो नाय. हात लागलो की काळां." ताई तेव्हा स्वयंपाकघरात होती. काम चालू असताना पत्र्याला शिवायचे नाही, एवढे तिला सांगितलेले होते आणि ती शिवलीही नाही. काम झाल्यावर काय करायचे नाही, हे कोणी सांगितले नव्हते. घरात तसा प्रश्नच कधी आला नव्हता.

शिमग्याच्या सुमाराला टीचरांच्या यंत्रावर पहिला छाप निघाला. भावोजी तो कागद आणि पत्रा घेऊन घरी आले. मी तो पाहिला. चेहऱ्याला कुठेही बाह्यरेषा नव्हती. कपाळ आणि नाक कोऱ्या कागदाचे होते, आणि तिथूनच तो माणूस पाहत होता. डोळ्यांखालची सावली भावोजींना उथळ वाटली. त्यांनी लाल पेन्सिलीने छापावरच, डोळ्यांच्या भोवती आणि गालांवर, दुरुस्त्या काढल्या. टीचरांनी कोपऱ्यात सही करायला सांगितले होते. दुसऱ्यांची नावे घालण्यात आयुष्य गेले, स्वतःचे सावकाश घालीन, असे त्यांनी उत्तर दिले. दुरुस्त्या झाल्यावर सही करायचे ठरले, आणि त्यासाठी त्यांनी पत्र्यावर कागदाचे तुकडे पुन्हा चिकटवून ठेवले.

दुरुस्त्या सुरू होण्याआधी, बाजारच्या दिवशी सकाळी, ते दुकानाच्या पायरीवरून कलंडले. दुकानदाराने आणि एका रिक्षावाल्याने त्यांना उचलले.

इस्पितळात शुद्ध आल्यावर भावोजींनी डाव्या हाताने हवेत एक चाक फिरवले. ताईला कळले नाही. मला कळले. ते यंत्राचे चाक होते. मी टीचरांना फोन केला. त्यांनी दुरुस्त्यांशिवायच छापायचे ठरवले. गुड फ्रायडे पाडव्यानंतर काही आठवड्यांवर होता. कागद भिजवून, एकेक छाप काढून, वाळवायला वेळ लागणार होता. पत्रा पाठवून द्या, असा निरोप आला.

पत्र्याच्या रेघांत पहिल्या छापाची शाई सुकलेली होती. छाप काढल्यावर ती घासलेटने पुसायची असते. ते राहून गेले होते. तांबेही काळवंडले होते. ताईने तो उचलला, आणि पाडव्यासाठी काढलेल्या तांब्या-घंगाळाबरोबर विहिरीवर नेला. रेती नार्व्याच्या नदीकाठची होती. तिने कागदाचे तुकडे भिजवून काढले, नारळाच्या सोडणाने पत्रा घासला, धुतला, उन्हात पुसला. संध्याकाळी मी गेलो तेव्हा तो नव्या खणात गुंडाळलेला होता. आतून तो नव्या नाण्यासारखा चमकत होता.

"तां देवाचां," ताई म्हणाली. "काळां कसां धाडूचां?"

कुंकू लावले नाही, त्यांना चालते की नाही ठाऊक नाही, असेही तिने सांगितले.

पाडव्याच्या सकाळी मी स्कूटरवरून पत्रा पेडण्याला नेला. टीचरांनी टेबलावर खण उलगडला. पत्रा उचलून त्यांनी खिडकीपाशी नेला आणि उजेडात तिरपा धरला.

"कोणें घासलो?"

मी सांगितले. त्यांनी कशाने ते विचारले. तेही सांगितले. त्या खुर्चीवर बसल्या. मग उठून त्यांनी शाई काढली. एवढ्याने काय होते, असे मी विचारले होते, त्याचे उत्तर म्हणून त्यांनी छाप काढून दाखवला.

केस, दाढी आणि काट्यांचा मुकुट होते तसे आले. कपाळ, नाक, गाल आणि पापण्या काळपट आल्या. डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक ओरखडे तांब्यावर पडले होते आणि प्रत्येक ओरखड्याने शाई धरली होती. ओरखडे गोल होते. भांडे घासताना हात जसा फिरतो, तसे कपाळावरून गालाकडे आणि गालावरून परत कपाळाकडे गेलेले दिसत होते. टीचरांनी फडके बदलून, शाई पातळ करून पुन्हा छाप काढला. दुसरा छापही तसाच आला.

ओरखडे घोटून काढता येतात. टीचरांकडे त्यासाठी गुळगुळीत पोलादी घोटणी होती. कपाळाच्या एका कडेला त्यांनी ती चालवली. तेवढी जागा पांढरी झाली, पण उजेडात सोडून दिलेल्या बारीक रेघाही तिथून गेल्या. त्या थांबल्या. साऱ्या चेहऱ्यावर असे केले तर रेघा पुन्हा घालाव्या लागतील, आणि त्या घालणारा हात एकच होता.

"मी घोटीन," त्या म्हणाल्या. "पण मग तो चेहरा माझा होईल. आणि मला तो येत नाही."

आधीचा चांगला छाप एकच होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर लाल पेन्सिलीच्या रेघा होत्या. पाद्रींशी बोलून टीचरांनी त्या वर्षीही झेरॉक्सच वाटायचे ठरवले. मिरवणुकीची बातमी मी दिली. तिच्यात पत्र्याचा उल्लेख नव्हता.

ताईला मी पाडव्याच्या दुपारी सांगितले. तिचा विश्वास बसला नाही.

"इतकी वर्सां घासतंय. कधी कोणाचां नाव गेला?"

नाव गेलेले नाही, रेघाही गेलेल्या नाहीत, जिथे रेघ नव्हती तिथे आता ओरखडे आहेत, असे मी समजावले. दुसरा छाप तिच्यासमोर ठेवला. ती बराच वेळ बघत होती. मग तिने विचारले, "म्हणजे जितकां घासलंय, तितकां काळां?"

मी होय म्हणालो.

इस्पितळात भावोजींनी पुन्हा हवेत चाक फिरवले तेव्हा ताईने छापतायत म्हणून सांगितले. गुड फ्रायडे होऊन गेल्यावर त्यांना घरी आणले. दारातून आत आल्यावर त्यांनी मागे वळून दाराच्या आतल्या बाजूकडे पाहिले. तिथे काही नव्हते. त्यांनी कोणाला विचारले नाही.

टीचरांनी पत्रा माझ्याबरोबर परत पाठवला होता; काही दिवसांनी ताईने स्वतःच तो आणून त्यांच्या मांडीवर ठेवला. मी ओसरीवर होतो. भावोजींनी डाव्या हाताचा अंगठा कपाळावर ठेवला आणि गालापर्यंत नेला. तो अंगठा पूर्वी केसाएवढी धारही ओळखत असे. त्यांनी पत्रा उजेडाकडे तिरपा केला आणि तसाच धरून ठेवला.

"कोण?" ते म्हणाले. झटक्यानंतर एकेक शब्दच येत होता.

"मी," ताई म्हणाली. "मीच. काळो झालो होतो."

त्यांनी पत्रा पालथा घातला. मग दुसरा शब्द आला.

"मोडीत."

जुनी, फुटकी भांडी तोलून मोडीत देतात. ती वितळवली जातात. ताईने ऐकून न ऐकल्यासारखे केले आणि पत्रा आत नेऊन ठेवला.

टीचर येऊन गेल्या. डाव्या हाताने थोडे थोडे करून पाहा, मी शेजारी बसते, असे त्यांनी सुचवले. त्यांनी तांब्याचा एक कोरा तुकडा आणि कलम आणले होते. कलम दोनदा घसरले. भावोजींनी ते खाली ठेवले आणि पुन्हा घेतले नाही. आरोग्य केंद्रातली मुलगी हाताला व्यायाम द्यायला येई. ती मुठीत चेंडू ठेवी आणि दाबायला सांगे. ते चेंडू तसाच ओघळू देत. डॉक्टरांनी ताईला सांगितले, की सुधारण्याचे दिवस हेच आहेत, नंतर हात आहे तसा राहील. ताईने ते भावोजींना सांगितले. ते भिंतीकडे पाहत होते.

पत्रा कुठेही दिसला, की ते तोच शब्द उच्चारत. ताईने तो कपाटात ठेवला. कपाट उघडल्याचा आवाज आला तरी शब्द येई. तिने मला पाद्रींकडे पाठवले. मंतरलेली वस्तू असती तर आम्ही ती पुरली असती, पण यावर आशीर्वाद झालेला नाही, आमच्या दृष्टीने हे तांबे आहे, असे पाद्रींनी सांगितले. घरच्यांना योग्य वाटेल ते करा, असेही ते म्हणाले. भंगलेली मूर्ती पाण्यात सोडतात, हे ताईला ठाऊक होते. नार्व्याला नदीत सोडावा, असे तिच्या मनात आले. तिने भावोजींपुढे बसून ते विचारले. आपल्या हातून देवाचे तोंड बिघडले, निदान देवासारखे सोडू दे, असे ती म्हणाली. तिला रडू येत होते.

भावोजी त्या दिवशी जितके शब्द बोलले तितके नंतर कधी बोलले नाहीत.

"देव नाय. तांबां. मोडीत."

पावसाळा संपेपर्यंत ताईने पत्रा मोडीत दिला नाही. भावोजींनी त्यानंतर तो शब्दही सोडला. जेवण भरवावे लागे, आणि ते अर्ध्यावर तोंड मिटत. उजव्या हाताची बोटे आत वळली. डॉक्टरांनी व्यायामाची मुलगी बंद केली. दिवाळीच्या आधी ताई पत्रा घेऊन एकटी डिचोलीला गेली. ज्या पायरीवर भावोजी बसत, त्याच दुकानात तिने तो तोलायला दिला. घरी येऊन तिने त्यांना सांगितले. त्यांनी डोळे मिटले. तिच्याशी ते बोलले नाहीत. ते आजही बोलत नाहीत.

टीचरांना हे कळले तेव्हा त्यांनी मला विचारले, की पत्रा परत मिळेल का. मी दुकानात गेलो. दुकानदाराला लगेच आठवले.

"दाढीवाला ना?" तो म्हणाला. "गेला तो."

मोडीचा माल कोल्हापूरकडच्या गाडीत चढवला होता. पत्रा पिंपात बसत नव्हता, म्हणून आधी मधोमध वाकवला होता.